पहिल्या चार मिनिटांतली प्रतिक्रिया: लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन देताना घेतलेले निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण अंडाशयाचा कर्करोग उलटलेल्या एका ५८ वर्षांच्या रुग्ण महिलेचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत; औषधे, मात्रा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. केमोथेरपीच्या चमूत औषधनिर्माता म्हणून मी या उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर सहभागी होतो.

पहिल्या वेळी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल या जोडीची सहा आवर्तने देण्यात आली. आजार आटोक्यात आला, पण पॅक्लिटॅक्सेलमुळे बोटांच्या टोकांना आलेली बधिरता पूर्णपणे गेली नाही. चौदा महिन्यांनी रक्तातील सीए-१२५ ची, म्हणजे हा आजार वाढल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाची, पातळी वाढू लागली आणि सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतील आवरणावर लहान गाठी दिसल्या. शेवटच्या कार्बोप्लॅटिननंतर सहा महिन्यांहून बराच अधिक काळ लोटलेला असल्यामुळे आजार प्लॅटिनमवर्गीय औषधांना पुन्हा दाद देईल, अशी रास्त अपेक्षा होती. त्यामुळे याच वर्गातले कार्बोप्लॅटिन द्यायचे हे नक्की होते. त्याच्या जोडीला दुसरे औषध कोणते द्यायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

या बाई शिवणकाम करतात. काज-बटण, हातशिलाई, कापड बेतणे ही कामे त्या स्वतःच्या हातांनी करतात आणि त्यांचे घर त्यावरच चालते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "डॉक्टर, बोटांची बधिरता आणखी वाढणार नाही ना? सुईत दोरा ओवता आला पाहिजे मला." पुढच्या प्रत्येक निर्णयात आम्हाला हे वाक्य लक्षात ठेवावे लागले.

औषधाची निवड

समोर तीन पर्याय होते. पहिला, पूर्वीचीच कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही जोडी; दुसरा, कार्बोप्लॅटिनसोबत जेमसिटॅबिन; आणि तिसरा, कार्बोप्लॅटिनसोबत पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे मेदरेणूंच्या सूक्ष्म गोलकांत भरलेले डॉक्सोरुबिसिन. जेमसिटॅबिनच्या जोडीत प्लेटलेट्स घटण्याचा त्रास अधिक होतो आणि या रुग्णाच्या प्लेटलेट्स पहिल्या उपचारातही बऱ्याच खाली गेल्या होत्या, म्हणून तो पर्याय लवकरच मागे पडला.

उरलेल्या दोन पर्यायांची थेट तुलना कॅलिप्सो या मोठ्या चाचणीत झालेली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ९७६ रुग्ण होते. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ लायपोसोमल जोडीत ११.३ महिने, तर पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीत ९.४ महिने आढळला. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा होता तो मज्जातंतूंच्या त्रासाचा आकडा: तीव्रतेच्या दुसऱ्या किंवा त्यावरील श्रेणीची बधिरता पॅक्लिटॅक्सेलच्या गटात २६.९ टक्के रुग्णांना आली, तर लायपोसोमल गटात केवळ ४.९ टक्के रुग्णांना. मात्र तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास, ज्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, तो लायपोसोमल गटात १२ टक्के आणि पॅक्लिटॅक्सेलच्या गटात २.२ टक्के होता. हातांवर पोट असलेल्या व्यक्तीला हातांच्या एका त्रासातून वाचवताना दुसरा पत्करावा लागणार होता. पहिला त्रास कायमचा राहू शकतो आणि दुसरा औषध लांबवले किंवा कमी केले की बहुधा भरून येतो, हा फरक निर्णायक ठरला.

येथे औषधाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे प्रकरण तिच्यावरच अवलंबून आहे. डॉक्सोरुबिसिन हे जुने आणि परिणामकारक औषध आहे, पण एकूण मात्रा वाढत गेली की ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. लायपोसोमल प्रकारात हेच औषध सुमारे ८० ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदरेणूंच्या दुहेरी पडद्याने बनलेल्या गोलकांत भरलेले असते. गोलकाच्या आत आधी अमोनियम सल्फेटचे द्रावण असते; त्याच्या आतल्या-बाहेरच्या प्रमाणातील फरकामुळे डॉक्सोरुबिसिन आत ओढले जाते आणि तेथे स्फटिकरूपात साचून राहते. बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या, म्हणजे पेगच्या, साखळ्यांचे आवरण असते. त्यामुळे यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशींना हे कण चटकन ओळखता येत नाहीत आणि औषध रक्तात दीर्घकाळ फिरत राहते. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ५५ तासांचा आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली आणि मान्यता मिळालेले पहिले नॅनो-औषध म्हणून त्याची नोंद झाली.

रुग्णाच्या मुलाने कुठेतरी वाचले होते की नॅनो-औषध थेट गाठीवर जाते आणि बाकी शरीराला धक्का लावत नाही. हा समज आम्ही उपचाराआधीच दूर केला आणि तो वेळ सत्कारणी लागला, असे मला आजही वाटते. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असल्यामुळे असे कण तेथे अधिक साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, ते खरेच आहे. परंतु हा परिणाम माणसामाणसांत आणि एकाच माणसाच्या गाठीगाठींत फार वेगवेगळा असतो. प्राण्यांवरील अभ्यासांचा २०१६ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. लायपोसोमचा खात्रीचा लाभ आहे तो हृदय वाचवण्यात: निरोगी हृदयाच्या घट्ट भिंतीच्या केशवाहिन्यांतून एवढा मोठा कण सहजी बाहेर पडत नाही. औषध कुठे जाते यापेक्षा ते कुठे जात नाही, हे येथे अधिक भरवशाने सांगता येते. मुलाला आणि आईला आम्ही नेमके हेच सांगितले.

एक छोटी पण गंभीर बाब याच टप्प्यावर घडली. संगणकात आलेल्या पहिल्या औषधयोजनेत नुसते "डॉक्सोरुबिसिन" असे लिहिलेले होते. साधे आणि लायपोसोमल ही दोन औषधे मात्रेने, वेगाने आणि विषारीपणाने वेगळी आहेत. एकाऐवजी दुसरे देणे जीवावर बेतू शकते. योजना परत पाठवून तिच्यात "पेगिलेटेड लायपोसोमल" हे शब्द पूर्ण लिहून घेतले आणि मगच औषध तयार करायला घेतले.

समस्या

ठरलेली मात्रा दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम होती. शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असल्याने एकूण औषध ४८ मिलिग्रॅम झाले. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून एकूण २५० मिलिलिटर केले आणि तासाभरात देण्यासाठी पंपाचा वेग ताशी २५० मिलिलिटर ठेवला. त्याआधी उलटीविरोधी औषध आणि डेक्सामेथासोन दिलेले होते. हृदयाच्या इकोमध्ये डाव्या कप्प्याची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता ६२ टक्के होती.

चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "सिस्टर, कंबरेत कळ आली आहे, छातीवर दाब आल्यासारखं वाटतंय." त्यांचा चेहरा आणि गळा लालबुंद झाला होता. नाडी १२४ वर गेली, ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्क्यांवर आले, रक्तदाब १०४/६४ होता. अंगावर गांधी उठल्या नव्हत्या, छातीत घरघर नव्हती, ओठ किंवा जीभ सुजलेली नव्हती. तोवर शरीरात गेलेले द्रावण सुमारे १७ मिलिलिटर, म्हणजे औषध तीन मिलिग्रॅमहून किंचित अधिक होते.

परिचारिकेने तत्काळ पंप थांबवला. त्यानंतर तिने जे केले ते नोंदवण्यासारखे आहे. अशा वेळी हात सवयीने सलाईनच्या बाटलीकडे जातो, पण हे औषध फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचे असते. शिवाय त्याच नळीतून सलाईन सोडले असते, तर नळीत उरलेले लाल औषधही ढकलले जाऊन रुग्णाच्या शरीरात गेले असते. तिने शिरेतील कॅन्युलाजवळच जुना सेट काढला, त्याचे टोक निर्जंतुक टोपणाने बंद केले आणि नवा सेट जोडून मगच सलाईन सुरू केले. ऑक्सिजन, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि फेनिरामाइन हे अँटिहिस्टामाइन दिले गेले. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवले होते. रक्तदाब टिकून राहिला आणि औषध थांबताच लक्षणे ओसरू लागली, म्हणून ते द्यावे लागले नाही. दहा मिनिटांत कळ थांबली. अर्ध्या तासाने बाहेरून ऑक्सिजन न देताही रक्तातील त्याचे प्रमाण ९७ टक्के होते.

निदानाचा प्रश्न

तातडीचा धोका टळल्यावर खरा कठीण भाग सुरू झाला. कक्षातल्या एका तरुण डॉक्टरांनी कागदांवर "डॉक्सोरुबिसिनची ॲलर्जी" असे लिहायला घेतले होते. ही नोंद तशीच राहिली असती, तर उपचाराची एक उपयुक्त वाट कायमची बंद झाली असती, आणि तीही चुकीच्या कारणासाठी. म्हणून वरिष्ठ कर्करोगतज्ज्ञांनी ती नोंद थांबवली आणि आधी हे ठरवायला सांगितले की प्रतिक्रिया नेमकी कशाची होती: औषधाची, की ते वाहून नेणाऱ्या कणाची?

नेहमीच्या ॲलर्जीत शरीर त्या पदार्थाला आधी कधीतरी भेटलेले असते, त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे बनलेली असतात आणि पुढच्या भेटीत प्रतिक्रिया येते. येथे पहिलीच भेट होती. नॅनोकणांच्या बाबतीत वेगळी यंत्रणा काम करू शकते. रक्तातील कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी जंतूंना ओळखून त्यांच्यावर तुटून पडण्यासाठी असते. आकाराने विषाणूएवढ्या असलेल्या लायपोसोमच्या पृष्ठभागावरही ती सक्रिय होते. त्यातून सी३ए आणि सी५ए हे तुकडे सुटतात, ते मास्ट पेशींना (ॲलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशींना) व इतर पेशींना चेतवतात आणि चेहरा लाल होणे, कंबरदुखी, छातीवर दाब, धाप ही लक्षणे मिनिटांत उमटतात. यानोस सेबेनी यांनी या प्रकाराला कॉम्प्लिमेंट सक्रिय झाल्याने येणारी आभासी ॲलर्जी असे नाव दिले. कार्पा या लघुरूपाने ती ओळखली जाते. पेगविरुद्धची प्रतिपिंडे काही व्यक्तींच्या रक्तात आधीपासून असतात, कारण पेग अनेक औषधांत आणि प्रसाधनांत वापरला जातो. ती असतील तर कॉम्प्लिमेंटला आणखी चालना मिळते.

या आभासी ॲलर्जीची तीन वैशिष्ट्ये निर्णयासाठी महत्त्वाची आहेत. ती पहिल्या भेटीतच येते. ती औषधाच्या वेगावर अवलंबून असते: कण सावकाश आत गेले तर तयार होणारे तुकडे शरीर निस्तरू शकते. आणि खऱ्या ॲलर्जीच्या उलट, ती पुढच्या खेपेला बहुधा सौम्य होते किंवा येतच नाही. अशा प्रतिक्रिया दुर्मिळही नाहीत; या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार घन गाठींच्या सुमारे ११ टक्के रुग्णांत त्या नोंदल्या गेल्या आहेत.

आमच्या रुग्णाचे चित्र यांच्याशी जुळत होते. तरीही पेगची खरी, आयजीईजन्य ॲलर्जी अशक्य नसते, आणि तिच्यात पुन्हा औषध देणे घातक ठरू शकते. म्हणून जुना इतिहास नव्याने विचारला. शस्त्रक्रियेआधी आतडी स्वच्छ करण्यासाठी त्यांना पेगचेच द्रावण मोठ्या प्रमाणात पाजले होते आणि त्यांना काहीही झाले नव्हते. तोंडावाटे घेतलेला पेग आणि शिरेवाटे गेलेला पेगचा कण यांची बरोबरी होत नाही, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नव्हता. पण गांधी नसणे, घरघर नसणे, कंबरेत उठलेली कळ आणि औषध थांबताच मिळालेला आराम यांच्या जोडीने त्याला वजन आले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता हे औषध कायमचे थांबवून कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलकडे वळण्याचा. तो त्या दिवसापुरता सर्वांत निर्धोक होता. त्याची किंमत मात्र बोटांना मोजावी लागली असती, आणि ती बहुधा कायमची असती.

दुसरा, कणाविना साधे डॉक्सोरुबिसिन देण्याचा. कणच दोषी असेल तर कण काढून टाकावा, असा हा सरळ विचार. परंतु या जोडीतील पुरावा लायपोसोमल रूपाचा आहे, साध्या औषधाचा नव्हे; आणि हृदयाचे संरक्षण कणामुळेच मिळते. हा पर्याय चर्चेत आला हे योग्यच झाले, पण तो फार वेळ टिकला नाही.

तिसरा, औषध त्याच दिवशी पुन्हा सुरू करण्याचा, पण कितीतरी कमी वेगाने आणि टप्प्याटप्प्याने. धोका उघड होता: आमचे अनुमान चुकले असते तर दुसरी प्रतिक्रिया अधिक तीव्र आली असती. चौथा पर्याय याचाच मवाळ प्रकार होता, म्हणजे घरी पाठवून पुढच्या आठवड्यात हळू वेगाने प्रयत्न करणे. भावनिकदृष्ट्या हा पर्याय सर्वांना सोयीचा वाटत होता. त्याला विरोध मी केला. आधी गेलेल्या थोड्या मात्रेने कॉम्प्लिमेंटची आणि असल्यास प्रतिपिंडांची शक्ती काही काळ खर्ची पडलेली असते. पुन्हा प्रयत्न करायचाच तर हा काळ दवडू नये. शिवाय आठवडाभराच्या अंतराने पेगविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होण्यास वाव मिळतो, आणि या कणांच्या बाबतीत तसे होते हे प्राण्यांवरील प्रयोगांतून माहीत आहे.

निर्णय रुग्णाशी बोलून घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पुन्हा तसंच झालं तर?" कर्करोगतज्ज्ञ म्हणाले, "त्याच क्षणी थांबवू, आणि मग हे औषध पुन्हा देणार नाही. संपेपर्यंत मी इथेच बसतो." दोन तासांनी रुग्णाने होकार दिला.

केलेली कार्यवाही

वेगाचे गणित करताना एक गोष्ट ठळकपणे समोर आली. माहितीपत्रकात सुरुवातीचा वेग मिनिटाला १ मिलिग्रॅम ठेवायला आणि त्रास न झाल्यास वेग वाढवून औषध तासाभरात पुरे करायला सांगितले आहे. हा नियम दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम मात्रेसाठी अर्थपूर्ण आहे: तेथे एकूण ८० मिलिग्रॅम द्यायचे असते आणि पहिला टप्पा खरोखर सावकाश ठरतो. आमची मात्रा ४८ मिलिग्रॅमच होती. ती तासाभरात देण्याचा सपाट वेगच मिनिटाला ०.८ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे नियमातील सुरुवातीच्या मर्यादेच्या आत. नियम पाळला गेला होता आणि तरीही रुग्णाला सावकाश सुरुवात अशी मिळालीच नव्हती. कमी मात्रेच्या जोडउपचारात हा नियम आपले काम करत नाही, हे मला या प्रकरणातून हाती आलेले सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटते.

नवी योजना अशी आखली. पहिली पंधरा मिनिटे ताशी १० मिलिलिटर, पुढची पंधरा २०, मग पंधरा मिनिटे ४० आणि नंतर पंधरा मिनिटे ८०. त्रास नसेल तर उरलेले सर्व औषध ताशी १२० मिलिलिटरने. पहिल्या टप्प्यात औषध मिनिटाला जेमतेम ०.०३ मिलिग्रॅम जाणार होते, म्हणजे सकाळच्या वेगाच्या पंचविसाव्या हिश्श्याने. सेटसकट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी तयार केल्यापासून २४ तासांच्या मुदतीत होती, त्यामुळे तीच वापरता आली. स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामाइन पुन्हा दिले, पण ती दिल्याने प्रतिक्रिया हमखास टळते असे नाही, याची चमूला स्पष्ट कल्पना दिली. भिस्त वेगावर होती. दुसऱ्या हाताला स्वतंत्र कॅन्युला लावून तिच्यावर सलाईन तयार ठेवले.

पहिल्या तासात चेहऱ्यावर किंचित लाली आली आणि वेग न बदलताच ती गेली. संपूर्ण औषध जायला सुमारे दोन तास चाळीस मिनिटे लागली. कार्बोप्लॅटिन दुसऱ्या दिवशी दिले. दुसऱ्या आवर्तनात हीच पायरीपायरीची योजना वापरली आणि कोणताही त्रास झाला नाही. तिसऱ्यापासून सुरुवातीचे दोन टप्पे तसेच ठेवून पुढचे आटोपते घेतले.

हातांचा प्रश्न

चौथ्या आवर्तनाआधीच्या तपासणीत परिचारिकेने तळपाय पाहिले, ते ठीक होते. रुग्णाने हात पुढे केले नाहीत. निघताना कागदावर सही करण्यासाठी त्यांनी पेन अंगठ्याऐवजी दोन बोटांत धरले, तेव्हा तिच्या लक्षात आले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक लाल, सुजलेला, अर्धवर्तुळाकार चट्टा होता आणि त्याच्या कडेला दोन बारीक फोड होते. मधल्या बोटावरही तसाच पट्टा होता. कात्रीच्या मुठीची कडी जेथे घासते, नेमक्या त्याच जागी.

याचे कारणही कणातच आहे. दीर्घकाळ रक्तात फिरणारे लायपोसोम जेथे दाब, घर्षण किंवा उष्णता असते तेथील केशवाहिन्यांतून अधिक प्रमाणात बाहेर पडतात, आणि घामग्रंथींवाटेही औषध त्वचेत पोहोचते. कणाला रक्तात टिकवून ठेवणारे पेगचे आवरण गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी जितके उपयोगी, तितकेच ते त्वचेसाठी त्रासाचे. साध्या डॉक्सोरुबिसिनमध्ये हा त्रास क्वचित दिसतो.

त्रास दुसऱ्या श्रेणीचा होता. "काम थांबवायला सांगाल म्हणून बोलले नाही," असे त्यांनी नंतर सांगितले. हाती घेतलेले काम होते आणि ते पुरे करून द्यायचे होते. येथे दोन मार्ग होते: त्रास पहिल्या श्रेणीपर्यंत उतरेतो थांबून तीच मात्रा देणे, जे नियमांत बसत होते, किंवा थांबून मात्राही कमी करणे. तोवर सीए-१२५ ची पातळी ४१२ वरून ५८ वर आली होती, म्हणजे औषध काम करत होते आणि थोडी मात्रा सोडून देण्याइतपत सवड होती. आवर्तन एक आठवडा पुढे ढकलले आणि मात्रा दर चौरस मीटरला ३० वरून २५ मिलिग्रॅम केली. औषध दिल्यानंतरचे पहिले पाच दिवस कात्री हाती घ्यायची नाही, गरम पाण्यात हात घालायचे नाहीत, घट्ट पादत्राणे टाळायची, आणि औषध सुरू असताना मनगटाखाली थंड पिशव्या ठेवायच्या, असे ठरले. कापड बेतण्याचे काम त्यांनी आवर्तनाआधीच्या आठवड्यात उरकायचे आणि नंतरच्या दिवसांत फक्त हलकी हातशिलाई करायची, ही वाटणी त्यांनी स्वतःच सुचवली. कोणत्याही छापील सूचनापत्रकापेक्षा ती अधिक उपयोगाची होती.

परिणाम

सहा आवर्तने पूर्ण झाली. शेवटच्या तीन आवर्तनांत हातांचा त्रास पहिल्या श्रेणीच्या वर गेला नाही. सीए-१२५ ची पातळी २४ वर आली आणि स्कॅनमध्ये पोटातील बहुतेक गाठी दिसेनाशा झाल्या. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा दर चौरस मीटरला १६५ मिलिग्रॅम झाली. शेवटच्या इकोमध्ये हृदयाची क्षमता ६० टक्के होती. बोटांची जुनी बधिरता वाढली नाही. आजार सुमारे वर्षभर शांत राहिला आणि मग पुन्हा वाढला, जे या टप्प्यावर अनपेक्षित नव्हते. त्या वर्षभरात त्या काम करत होत्या.

वेगळे काय करता आले असते

प्रतिक्रियेनंतर पहिल्या एक-दोन तासांत रक्तातील ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारे एक प्रथिन, तपासायला हवे होते. मास्ट पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या होत्या की नाही, याचा तो अंदाज देतो, आणि पुन्हा औषध देण्याचा निर्णय केवळ लक्षणांच्या वाचनावर सोडावा लागला नसता. सामान्य ट्रिप्टेजने खऱ्या ॲलर्जीची शक्यता शून्य होत नाही, तरी पारडे नक्कीच झुकले असते. आता या औषधाच्या पहिल्या आवर्तनाच्या साहित्यात रक्तनमुन्याची रिकामी नळी आधीच ठेवली जाते.

पायरीपायरीचा वेग प्रतिक्रिया आल्यावरच का वापरावा, हाही प्रश्न आहे. अशी सुरुवात सर्वांना द्यायची तर प्रत्येक रुग्णामागे खुर्ची दीड तासाहून जास्त वेळ अधिक अडते, आणि बहुसंख्य रुग्णांना तिची गरज नसते. माझे मत असे की पूर्ण योजना सर्वांना लावू नये, पण पहिल्या आवर्तनातील पहिला अर्धा तास मात्र प्रत्येकाला कमी वेगाचा मिळावा. ३० मिलिग्रॅमच्या मात्रेत तर अशी सुरुवात वेगळी लिहूनच द्यावी लागते, कारण मिनिटाला १ मिलिग्रॅमचा नियम ती आपोआप देत नाही. इतर नॅनोकणांचा अनुभवही याच दिशेचा आहे. लोहाच्या नॅनोकणांचे फेरुमॉक्सिटॉल हे औषध पूर्वी झटपट इंजेक्शनने देत असत. गंभीर प्रतिक्रियांनंतर २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक इशारा आला आणि ते पातळ करून किमान १५ मिनिटांत द्यावे असे ठरले. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे मेदकणांतून दिले जाणारे औषध तर आरंभापासूनच स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि दोन प्रकारची अँटिहिस्टामाइन आधी देऊन, सावकाश वेगानेच द्यायचे असते.

हातांबाबत आमची प्रश्नावली अपुरी होती. "हातापायांना काही त्रास?" या प्रश्नाला काम बुडण्याची भीती असलेली व्यक्ती नाहीच म्हणेल. आता प्रश्न असा विचारला जातो: गेल्या आठवड्यात हातांनी कोणते काम केले, त्यातले कोणते करताना दुखले? आणि हात प्रत्यक्ष पाहिले जातात, दोन्ही बाजूंनी.

शेवटी नोंदीची गोष्ट. रुग्णाच्या कागदपत्रांत आम्ही "डॉक्सोरुबिसिनची ॲलर्जी" लिहिले नाही, आणि "काही त्रास नाही" असेही लिहिले नाही. नोंद अशी आहे: पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनच्या पहिल्या शिरेवाटे मात्रेत, चौथ्या मिनिटाला, मिनिटाला ०.८ मिलिग्रॅम वेगावर मध्यम तीव्रतेची प्रतिक्रिया. कॉम्प्लिमेंटजन्य असण्याची शक्यता अधिक. ट्रिप्टेज तपासलेले नाही. त्याच दिवशी संथ वेगाने संपूर्ण मात्रा आणि पुढील पाच आवर्तने सहन झाली. साध्या डॉक्सोरुबिसिनला मनाई नाही. पेगचे आवरण असलेले अन्य कण शिरेवाटे देताना पहिली मात्रा देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने द्यावी. आजार पुन्हा वाढल्यावर रुग्ण दुसऱ्या केंद्रात गेल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी पुढचे औषध या नोंदीच्या आधारे ठरवले आणि त्यांना आम्हाला फोन करावा लागला नाही.